कामाच्या ठिकाणचे अल्गोरिदम आणि परिणाम-मूल्यमापनाच्या मर्यादा : न्यूयॉर्क व बोलोन्या यांच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश :

नोकरभरती, कामाचे वाटप, देखरेख आणि बडतर्फी या निर्णयांत अल्गोरिदमचा वापर वाढत गेला, तसा त्यांच्या परिणामांचे मूल्यमापन करण्याचा आग्रहही धरला जाऊ लागला. प्रस्तुत लेखात या मूल्यमापनाच्या दोन भिन्न रीतींची तुलना केली आहे. न्यूयॉर्क शहराच्या २०२१ च्या कायद्याने परिणामाचे रूपांतर एका गुणोत्तरात केले. बोलोन्या येथील न्यायालयाने २०२० मध्ये कामगार संघटनांच्या तक्रारीवरून एका अल्गोरिदमचा प्रत्यक्ष कामगारांवर होणारा परिणाम तपासला. पहिल्या रीतीत मोजणी आहे, परंतु ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना स्थान नाही. मूल्यमापनात कामगारांचा सहभाग आणि दोष आढळल्यास प्रणाली बदलण्याचे अथवा थांबवण्याचे बंधन या दोन गोष्टी नसतील तर मूल्यमापन हे केवळ प्रमाणपत्र ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्या आधारे भारतीय कायद्यांतील तरतुदींचाही परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : अल्गोरिदम, परिणाम-मूल्यमापन, पक्षपात-तपासणी, कामगार सहभाग, गिग कामगार

१. प्रस्तावना :

अल्गोरिदम म्हणजे दिलेल्या माहितीवरून ठरावीक पायऱ्यांनी निष्कर्षाप्रत नेणारी नियमांची मालिका. ही संकल्पना गणितात जुनी आहे. तथापि संगणकाच्या साहाय्याने ती कारखाना, कार्यालय आणि रस्त्यावरील कामाच्या व्यवस्थापनात शिरली तेव्हा तिचे स्वरूप पालटले. अर्जांच्या ढिगाऱ्यातून कोणाला मुलाखतीस बोलवावे, कोणत्या कामगारास कोणती पाळी द्यावी, कोणाचे खाते बंद करावे हे निर्णय पूर्वी मुकादम, पर्यवेक्षक किंवा निवड समिती घेत असे. आता त्यांतील बराचसा भाग एखाद्या गुणांकावर सोपवला जातो. मुकादमाशी वाद घालता येत असे, प्रसंगी त्याला समजावताही येत असे. गुणांकाशी वाद घालण्याची सोय नाही.

या बदलाकडे पाहण्याचे दोन टोकाचे दृष्टिकोन आढळतात. एका मतानुसार यंत्राला लागेबांधे नसतात, म्हणून त्याचा निर्णय माणसापेक्षा निःपक्ष असतो. दुसऱ्या मतानुसार असे प्रत्येक तंत्र शोषणाचेच साधन होय. दोन्ही मते अनुभवाच्या कसोटीपूर्वीच निकाल देऊन मोकळी होतात. यांतून वाट काढण्यासाठी प्रत्येक प्रणालीचा प्रत्यक्ष परिणाम तपासावा, हा विचार पुढे आला आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु तपासणी कोणी करावी, कशाची करावी आणि तिच्या निष्कर्षाचे पुढे काय व्हावे, या प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी दिली गेली. त्या उत्तरांची चिकित्सा हा या लेखाचा विषय आहे.

२. मूल्यमापनाच्या संकल्पनेची पूर्वपीठिका :

परिणाम-मूल्यमापन ही संकल्पना पर्यावरणाच्या क्षेत्रातून आली. अमेरिकेच्या १९६९ च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याने मोठ्या शासकीय कृतींपूर्वी त्यांच्या पर्यावरणीय परिणामांचे निवेदन तयार करणे आवश्यक केले. भारतात १९९४ च्या अधिसूचनेने असे मूल्यमापन ठरावीक प्रकल्पांस बंधनकारक झाले; पुढे १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने त्याचे टप्पे निश्चित केले. त्या टप्प्यांत जनसुनावणीचा अंतर्भाव आहे. प्रकल्पाचा अहवाल प्रवर्तकाच्या खर्चाने तयार होतो, त्यामुळे तो प्रवर्तकास अनुकूल होण्याचा धोका असतो, ही टीका या क्षेत्रात जुनीच आहे. तरीही धरणाच्या वा खाणीच्या परिसरातील गावकऱ्याला उभे राहून आपले म्हणणे नोंदवण्याची जागा तत्त्वतः मान्य झाली, हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे.

अल्गोरिदमच्या बाबतीत या संकल्पनेचा ठळक शासकीय वापर कॅनडाने केला. स्वयंचलित निर्णयांविषयीचा तेथील संघराज्य शासनाचा निर्देश १ एप्रिल २०१९ पासून लागू झाला. त्यानुसार शासकीय विभागाने एक प्रश्नावली भरावयाची, मिळालेल्या गुणांवरून त्या प्रणालीचा परिणाम चार स्तरांपैकी कोणत्या स्तरात पडतो हे ठरवावयाचे आणि स्तर जितका वरचा तितकी बंधने अधिक, अशी ती योजना आहे. वरच्या दोन स्तरांत मानवी हस्तक्षेपाशिवाय अंतिम निर्णय घेता येत नाही. आरंभी हा निर्देश नागरिकांना दिल्या जाणाऱ्या सेवांपुरता होता. २०२३ च्या सुधारणेने विभागांतर्गत सेवा, म्हणजेच शासनाचे स्वतःचे कर्मचारी, यांच्याविषयीचे निर्णयही त्याच्या कक्षेत आले.

पर्यावरणाकडून अल्गोरिदमकडे येताना संकल्पनेतून एक गोष्ट मात्र गळाली. प्रश्नावली राहिली, स्तर राहिले, प्रकाशन राहिले. जनसुनावणी राहिली नाही. प्रश्नावली भरतो तो प्रणाली वापरणारा विभागच. कामाच्या ठिकाणी या उणिवेचे परिणाम कसे होतात, हे न्यूयॉर्कच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

३. न्यूयॉर्कचा कायदा : परिणामाचे गुणोत्तरात रूपांतर :

न्यूयॉर्क शहराचा २०२१ चा स्थानिक कायदा क्रमांक १४४ हा नोकरभरती व बढतीतील स्वयंचलित साधनांच्या तपासणीचा एक महत्त्वाचा कायदा मानला जातो. त्याची अंमलबजावणी ५ जुलै २०२३ पासून सुरू झाली. कायद्याच्या मुख्य तरतुदी तीन आहेत. साधन वापरण्यापूर्वीच्या एका वर्षाच्या आत त्याची स्वतंत्र तपासनिसाकडून पक्षपात-तपासणी झालेली असावी. तिचा गोषवारा मालकाने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा. आणि शहरात राहणाऱ्या उमेदवारास साधनाच्या वापराची सूचना किमान दहा कामकाजी दिवस आधी द्यावी. भंग झाल्यास पहिल्या वेळी ५०० डॉलरपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येक वेळी ५०० ते १,५०० डॉलर दंडाची तरतूद आहे.

तपासणीचा गाभा म्हणजे परिणाम-गुणोत्तर. प्रत्येक गटाचा निवड-दर काढावयाचा आणि त्याला सर्वाधिक निवड-दर असलेल्या गटाच्या दराने भागावयाचे. हे काल्पनिक आकड्यांनी पाहू. ५०० पुरुष व ५०० स्त्रियांनी अर्ज केले. साधनाने २०० पुरुष व १५० स्त्रिया पुढे पाठवल्या. पुरुषांचा निवड-दर ४० टक्के, स्त्रियांचा ३० टक्के. म्हणून स्त्रियांसाठी गुणोत्तर ०.७५. अमेरिकेत १९७८ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून चार-पंचमांशाचा, म्हणजे ०.८० चा, दंडक भेदभावाची प्राथमिक खूण म्हणून वापरला गेला. त्या दंडकाने हे साधन संशयास्पद ठरले असते. न्यूयॉर्कच्या कायद्यात मात्र गुणोत्तर प्रसिद्ध करावे एवढेच बंधन आहे. ते अमुक एका आकड्याखाली गेल्यास साधनाचा वापर थांबवावा, असे कायदा म्हणत नाही.

या मोजणीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. अमेझॉन कंपनीने भरतीसाठी तयार केलेले एक प्रायोगिक साधन स्त्रियांचा निर्देश असलेल्या अर्जांना कमी गुण देत असल्यामुळे सोडून दिले गेल्याचे वृत्त रॉयटर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिले होते. भूतकाळातील पुरुषबहुल भरतीवरून शिकलेले यंत्र तोच कल पुढे चालवते. हा दोष उघड करण्यास निवड-दरांची तुलना उपयोगी पडते. प्रश्न आहे तो हे गुणोत्तर म्हणजेच परिणाम, असे समीकरण मांडण्याचा.

या समीकरणाच्या मर्यादा चार प्रकारच्या आहेत. पहिली मर्यादा व्याप्तीची. नियमांनुसार साधन कायद्याच्या कक्षेत येण्यासाठी मालकाने केवळ त्याच्याच निष्कर्षावर विसंबलेले असावे, किंवा त्याला इतर प्रत्येक निकषाहून अधिक वजन दिलेले असावे, किंवा त्याने मानवी निष्कर्ष बाजूला सारलेला असावा. हे ठरवण्याची सुरुवात मालकाच्याच हाती आहे. आपल्याकडे अंतिम निर्णय माणूस घेतो, एवढे म्हणणाऱ्यास तपासणीच्या बाहेर राहण्याची वाट मिळते. दुसरी मर्यादा गटांची. तपासणी लिंग आणि वंश यांपुरती आहे. वय व अपंगत्व तिच्यात नाही. एखादा गट आधार-माहितीच्या दोन टक्क्यांहून कमी असेल तर त्याचे गुणोत्तर वगळण्याची मुभा तपासनिसास आहे. म्हणजे जे संख्येने अत्यल्प, ते मोजणीतूनही निसटू शकतात.

तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. गुणोत्तर गटागटांतील फरक सांगते. निकष योग्य आहे की नाही हे सांगत नाही. वरील उदाहरणात साधनाने पुढच्या वर्षी ५० पुरुष व ५० स्त्रियाच निवडल्या तर गुणोत्तर १.०० होईल आणि गोषवारा निर्दोष दिसेल. उरलेल्या ९०० अर्जदारांना आवाजाची पट्टी, अर्जाची मांडणी किंवा नोकरीतील एखादा खंड अशा कामाशी असंबद्ध कारणाने नाकारले असेल, तर ती बाब तपासणीत कोठेही येणार नाही. चौथी मर्यादा उमेदवाराच्या स्थानाची. त्याला सूचना मिळते आणि तो पर्यायी निवड-प्रक्रिया मागू शकतो. परंतु ती देण्याचे बंधन मालकावर नाही. आपल्याला कोणत्या कारणाने नाकारले, हे सांगणारा कोणी त्याच्यापुढे नसतो.

अंमलबजावणीचा अनुभव या विवेचनास पुष्टी देतो. जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी ३९१ मालकांची संकेतस्थळे तपासली. त्यांपैकी १८ ठिकाणी तपासणीचा गोषवारा आणि १३ ठिकाणी सूचना आढळली. इतरांनी कायदा मोडला असे यावरून म्हणता येत नाही, कारण त्यांनी आपले साधन कक्षेबाहेरचे मानले असू शकते. मात्र कायदा पाळणारा आणि कायदा टाळणारा यांत बाहेरून फरक करता येत नाही, हेच या रचनेचे अपयश होय. न्यूयॉर्क राज्याच्या लेखानियंत्रकांच्या डिसेंबर २०२५ मधील अहवालातही हीच बाब दिसते. शहराच्या संबंधित विभागाने ३२ कंपन्यांचा आढावा घेऊन एकच उणीव नोंदवली होती. लेखापरीक्षकांना त्याच कंपन्यांत संभाव्य भंगाची किमान १७ उदाहरणे आढळली.

४. बोलोन्याचा निवाडा : समान नियमाचा असमान परिणाम :

न्यूयॉर्कचा कायदा अंमलात येण्याच्या अडीच वर्षे आधी इटलीतील बोलोन्या येथे एका वेगळ्याच रीतीने अल्गोरिदमचा परिणाम तपासला गेला. डिलिव्हरू ही कंपनी उपाहारगृहांतील खाद्यपदार्थ सायकलस्वारांमार्फत घरपोच देत असे. पुढील आठवड्याच्या पाळ्या सायकलस्वारांनी ॲपवर आरक्षित करावयाच्या होत्या. हे आरक्षण सोमवारी तीन टप्प्यांत, सकाळी ११, दुपारी ३ आणि सायंकाळी ५ वाजता खुले होई. कोणाला कोणत्या टप्प्यात प्रवेश मिळावा हे दोन गुणांकांवरून ठरे. एक विश्वासार्हतेचा, म्हणजे आरक्षित पाळीला हजर राहण्याचा. दुसरा शुक्रवार ते रविवारच्या गर्दीच्या संध्याकाळी काम करण्याचा. गुणांक वरचा तर ११ वाजता निवडीची मोकळीक; खालचा तर ५ वाजता उरलेसुरले. पाळी रद्द करावयाची तर २४ तास आधी करावी, अन्यथा विश्वासार्हतेचा गुणांक घसरे.

या नियमात लिंग, वंश, धर्म यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. तो सर्वांना सारखा लागू होता. न्यूयॉर्कच्या पद्धतीने गुणोत्तर काढले असते तर कदाचित ते निर्दोषही आले असते. परंतु इटलीतील सीजीआयएल या कामगार महासंघाशी संलग्न तीन संघटनांनी न्यायालयापुढे मांडलेला मुद्दा निराळा होता. ऐनवेळी गैरहजर राहणारा प्रत्येक कामगार बेजबाबदार नसतो. तो आजारी असेल, घरी लहान मूल आजारी असेल, किंवा तो संपावर असेल. संपाचा हक्क तर इटलीच्या राज्यघटनेने दिलेला आहे. नियमाला ही कारणे दिसतच नव्हती.

३१ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने हा नियम अप्रत्यक्ष भेदभाव करणारा ठरवला. निवाड्यातील युक्तिवाद मननीय आहे. कंपनीची प्रणाली दोन प्रसंगी अपवाद करू शकत होती : कामावरील अपघातामुळे पुढील पाळ्या चुकल्या तर आणि ॲपमध्येच तांत्रिक बिघाड झाला तर. याचा अर्थ असा की, कारणांकडे पाहण्याची क्षमता प्रणालीत होती. आजार व संप यांच्याकडे न पाहणे ही तिची असमर्थता नव्हती, तर निवड होती. डोळ्यांवरची पट्टी हवी तेव्हा काढता येत असेल, तर ती पट्टी निःपक्षपातीपणाची खूण राहत नाही. न्यायालयाने संघटनांना ५०,००० युरो नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनीने ही आरक्षण-पद्धत नोव्हेंबर २०२० पासूनच बंद केली होती. तथापि तिचा परिणाम नोंदला गेला तो या निवाड्यामुळेच.

येथे दोन्ही रीतींतील मूलभूत भेद स्पष्ट होतो. न्यूयॉर्कमध्ये 'सर्वांशी सारखे वागणे' हे आदर्श मानून त्यापासूनचे अंतर मोजले जाते. बोलोन्यामध्ये 'सर्वांशी सारखे वागणे' हाच दोष ठरू शकतो हे दिसून आले. आणि हे ज्ञान नोंदींच्या तक्त्यातून आलेले नव्हते. ताप आलेला असताना पाळी रद्द केली म्हणून पुढच्या सोमवारी ५ वाजेपर्यंत थांबावे लागलेल्या माणसाकडून ते आले होते. परिणाम ज्याच्यावर होतो तो परिणामाचा प्रथम साक्षीदार असतो. मूल्यमापनाच्या पद्धतीत त्या साक्षीदाराला स्थान नसेल, तर पुरावाच वगळून निकाल दिल्यासारखे होते.

याचबरोबर बोलोन्याच्या रीतीची मर्यादाही मान्य केली पाहिजे. न्यायालय परिणाम घडून गेल्यानंतर तपासते. तोवर कोणाच्या किती पाळ्या हुकल्या हे परत भरून येत नाही. शिवाय खटला चालवण्यास संघटना लागते, आणि ती सर्वत्र असतेच असे नाही. म्हणून न्यायालयीन निवाडा हा मूल्यमापनाचा पर्याय होऊ शकत नाही; मूल्यमापन कसे असावे, याचा तो दाखला होऊ शकतो.

५. मोजमापामुळे बदलणारे वर्तन :

गुणोत्तर ज्या क्षणी काढले जाते त्या क्षणाचे चित्र देते. कामाच्या ठिकाणी मात्र मोजमापाचा परिणाम कालांतराने वाढत जातो, कारण माणसे मोजमापाप्रमाणे वागू लागतात. गर्दीच्या संध्याकाळी काम केल्यास गुणांक वाढतो हे कळल्यावर सायकलस्वार त्या संध्याकाळी काम करणारच. मग त्या संध्याकाळी त्याच्या घरी काय घडते, ही बाब कोणत्याही तक्त्यात येत नाही.

हा अनुभव महाविद्यालयीन शिक्षकांना अपरिचित नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जून २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कार्यनिर्देशांक, म्हणजेच एपीआय, ही गुणांकन पद्धती आणली. तिच्यात संगणकाची आवश्यकता नव्हती, परंतु ठरावीक नोंदींना ठरावीक गुण देऊन त्यावरून निवड व पदोन्नती ठरवणे, या अर्थाने ती अल्गोरिदमच होती. मूळ विनियमांत तज्ज्ञ-परीक्षित नियतकालिकातील शोधनिबंधास १५ गुण होते. नियम सर्वांना सारखा होता; प्रयोगशाळा असलेल्या शहरी विद्यापीठातील प्राध्यापकाला आणि आठवड्याचा संपूर्ण कार्यभार सांभाळणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकालाही. पुढे शोधनिबंधांची आणि ते छापणाऱ्या नियतकालिकांची संख्या फुगली. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली आणि मे २०१८ मध्ये त्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यानंतर केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. दरम्यान २०१८ च्या विनियमांनी पदोन्नतीच्या निकषांत बदल करून मूळ एपीआय पद्धती मागे घेतली.

या घटनाक्रमाचे तात्पर्य शिक्षकांना दोष देण्यात नाही. गुण ज्याला, काम त्याचेच, हा अशा व्यवस्थेचा स्वाभाविक परिणाम आहे. तात्पर्य असे की, पद्धती लागू करण्यापूर्वी आणि लागू झाल्यावर ठरावीक काळाने शिक्षकांच्या सहभागाने तिचे मूल्यमापन करण्याची कायमस्वरूपी व्यवस्था असती, तर जी गोष्ट महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात सर्वांना ठाऊक होती ती धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचण्यास इतका काळ लागला नसता.

६. सहभाग आणि थांबवण्याचे बंधन : युरोपीय निर्देश :

मूल्यमापनात कामगारांचा सहभाग ही केवळ नैतिक अपेक्षा राहिलेली नाही. युरोपीय संघाच्या २०१६ च्या विदा-संरक्षण विनियमात जोखमीच्या प्रक्रियांचे परिणाम-मूल्यमापन करताना, योग्य असेल तेथे, संबंधित व्यक्तींचे वा त्यांच्या प्रतिनिधींचे मत घ्यावे असे म्हटले आहे. 'योग्य असेल तेथे' या शब्दांनी ती तरतूद पुष्कळशी सैल झाली. १ ऑगस्ट २०२४ रोजी अंमलात आलेल्या आणि टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक कायद्याने नोकरभरती व कामगार व्यवस्थापनाच्या प्रणाली अतिजोखमीच्या गटात घातल्या आणि त्या वापरण्यापूर्वी कामगारांना व त्यांच्या प्रतिनिधींना कळवण्याचे कर्तव्य मालकांवर टाकले. मात्र मूलभूत हक्कांवरील परिणामाच्या मूल्यमापनाचे बंधन मुख्यतः सार्वजनिक संस्था आणि सार्वजनिक सेवा देणाऱ्या खाजगी संस्था यांच्यावर आहे. सामान्य खाजगी मालक त्यातून बाहेर राहतो. कळवणे आणि विचारणे यांतील अंतर येथेही कायम आहे.

या दृष्टीने ऑक्टोबर २०२४ मध्ये संमत झालेला मंचाधारित कामाविषयीचा युरोपीय निर्देश अधिक पुढे जातो. सदस्य राष्ट्रांनी २ डिसेंबर २०२६ पर्यंत त्यास अनुसरून कायदे करणे अपेक्षित आहे. स्वयंचलित निर्णयांचा कामगारांवरील परिणाम किमान दर दोन वर्षांनी तपासावा आणि त्या तपासणीत कामगार प्रतिनिधींचा सहभाग असावा, असे हा निर्देश सांगतो. भेदभावाची मोठी जोखीम किंवा हक्कांचा भंग आढळल्यास प्रणालीत बदल करणे, आवश्यक तर तिचा वापर थांबवणे, याचाही त्यात समावेश आहे. देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्यांना यंत्राचा निर्णय फिरवण्याचा अधिकार असावा आणि तो वापरल्याबद्दल त्यांच्यावर प्रतिकूल कारवाई होऊ नये, हेही नमूद आहे. ही शेवटची तरतूद विशेष महत्त्वाची होय. यंत्राच्या निर्णयावर नुसती स्वाक्षरी करणारा माणूस बसवला म्हणजे मानवी नियंत्रण झाले, या समजुतीस ती छेद देते.

७. भारतीय संदर्भ :

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटींवर जाईल असा अंदाज दिला आहे. म्हणजे बोलोन्याच्या सायकलस्वारांचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दूरचा राहिलेला नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. तिने गिग व मंचाधारित कामगारांची व्याख्या केली आणि त्यांच्या कल्याणासाठी मंचचालकांच्या उलाढालीतून अंशदान घेण्याची सोय केली. परंतु ज्या नियमांनी या कामगारांना काम मिळते वा नाकारले जाते, त्यांच्या मूल्यमापनाविषयी संहिता मौन बाळगते. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यात स्वयंचलित देखरेख व निर्णयप्रणालींविषयी पारदर्शकतेची तरतूद, तसेच काम संपुष्टात आणताना कारणे व चौदा दिवसांची पूर्वसूचना देण्याचे बंधन आहे. हे पाऊल पुढचे असले तरी पारदर्शकता म्हणजे मूल्यमापन नव्हे.

डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये परिणाम-मूल्यमापन ही संज्ञा आली आहे. मात्र ते बंधन शासनाने 'महत्त्वपूर्ण' म्हणून घोषित केलेल्या विदा-विश्वस्तांपुरते आहे. नोकरीच्या कारणांसाठी संमतीविना विदा वापरण्याची मुभाही हाच कायदा देतो. परिणामी कामगार म्हणून माणसाचे स्थान नागरिक म्हणून असलेल्या स्थानापेक्षा दुबळे होते.

वास्तविक कामाच्या पद्धतीत बदल करण्यापूर्वी कामगारांना विचारावे, ही कल्पना भारतीय औद्योगिक कायद्यास नवी नाही. मुंबईतील गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत यांसारख्या कार्यक्षमता-योजना लादल्या गेल्या, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात मुंबईच्या गिरणी कामगारांनी सार्वत्रिक संप केला. त्यानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे मालक व कामगार अशा दोन्ही पक्षांना या योजनांविषयी आपली बाजू मांडता आली. सहा महिन्यांचा संप झाल्यावर जी चौकशी झाली, ती आधी होण्याची व्यवस्था असावी, हा त्यातून निघणारा धडा होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत दोन्ही पक्षांच्या समान प्रतिनिधित्वाची कार्य समिती स्थापण्याची सोय केली. सेवाशर्तींतील ठरावीक बदलांपूर्वी नोटीस देणे आवश्यक केले. त्या बदलांच्या अनुसूचीत कामगार कपातीस कारण होऊ शकणारी यंत्रांतील वा तंत्रातील सुधारणा समाविष्ट होती. हा आशय औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्येही टिकून आहे.

कामाचे वाटप करणारा अथवा कामगारास गुण देणारा अल्गोरिदम हा 'तंत्रातील बदल' नाही, असे म्हणणे कठीण आहे. मात्र आजच्या तरतुदीत कपातीची शक्यता ही अट आहे. पाळ्यांचे वाटप, वेग आणि देखरेख यांवरील परिणाम तिच्यात सहज बसत नाहीत. त्यामुळे अनुसूचीत अशा प्रणालींचा स्पष्ट उल्लेख करणे, कार्य समितीकडे त्यांच्या नियतकालिक मूल्यमापनाचे काम सोपवणे, आणि आस्थापनेच्या चार भिंती नसलेल्या मंचाधारित कामगारांसाठी कल्याण मंडळांमार्फत जनसुनावणीची सोय करणे, या दिशेने विचार करता येईल. यासाठी परदेशी नमुना जसाच्या तसा आणण्याची गरज नाही. १९२८ चा संप, कार्य समिती आणि २००६ च्या अधिसूचनेतील जनसुनावणी हे धागे आपल्याकडे आहेतच.

८. समारोप :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. एक, गटागटांच्या निवड-दरांची तुलना हा मूल्यमापनाचा आवश्यक भाग आहे, परंतु तो संपूर्ण भाग नव्हे. सर्वांना सारखा लागू होणारा नियमही अन्यायकारक असू शकतो. दोन, प्रणाली कक्षेत येते की नाही, हे ठरवण्याचे काम ती वापरणाऱ्याकडे राहिल्यास मूल्यमापन टाळणे सोपे होते. तीन, परिणामाचे प्रत्यक्ष ज्ञान कामगाराकडे असते. त्याच्या वा त्याच्या प्रतिनिधीच्या सहभागाविना झालेली तपासणी अपुरी ठरते. चार, निष्कर्ष प्रतिकूल आल्यास प्रणालीत बदल करण्याचे किंवा ती थांबवण्याचे बंधन नसेल, तर तपासणी मालकाच्या संकेतस्थळावरील एक ओळ होऊन राहते.

या मागण्यांवर दोन आक्षेप संभवतात. व्यापारी गुपिते उघड होतील, हा पहिला. परंतु बोलोन्याच्या खटल्यात प्रश्न संगणकीय आज्ञावलीचा नव्हता; कोणत्या वर्तनाला किती गुण आणि कोणते कारण ग्राह्य, एवढेच कळणे पुरेसे होते. हाजरीचे नियम पूर्वी कारखान्याच्या फलकावर लावले जात. त्यांना कोणी गुपित म्हटले नाही. कामगारांना तंत्र समजत नाही, हा दुसरा आक्षेप. धरणाचे स्थापत्य गावकऱ्याला समजत नसले तरी पाणी कोठवर चढेल आणि कोणाचे शेत जाईल हे त्याला समजते, आणि जनसुनावणीत त्याने तेच सांगावयाचे असते. कामगारानेही गणित सांगावयाचे नाही. आजारी असताना पाळी चुकली तर पुढच्या आठवड्यात काय झाले, हे सांगावयाचे आहे. हे विचारणारे कोणी नेमलेले असणे आणि त्याने ऐकलेल्या गोष्टीवरून नियम बदलणे, एवढी व्यवस्था उभी राहिली तरच परिणाम-मूल्यमापन या शब्दाला अर्थ प्राप्त होईल.